अक्काची सही

सोलापूर,
७ जुलै २०२५

अक्का,

तू माझा नंबर बंद केलास त्याला तीन वर्षं झाली, म्हणून हे पत्र. वसतिगृहाचा पत्ता अप्पांच्या डायरीतून उतरवून घेतला. त्यांना सांगितलेलं नाही. पाकिटावर माझं नाव मुद्दाम घातलं नाही.

काम छोटं आहे. माझी बारावीची मूळ गुणपत्रिका तुझ्या फाईलमध्ये गेली आहे. आपल्या दोघींचे कागद अप्पांनी एकाच फाईलमध्ये ठेवले होते आणि अकलूजला रेक्टरची नोकरी धरलीस तेव्हा ती तू घेऊन गेलीस. ती मला लागणार आहे.

मुंबईच्या एका मोठ्या लॉ फर्मच्या मुलाखतीची पहिली फेरी मी पास झाले. तीनशेच्या वर वकील आहेत तिथं. कारखान्यांतल्या अपघातांच्या केसेस बघणारी त्यांची वेगळी टीम आहे आणि खालच्या कोर्टात काम केलेला, मराठी-कन्नड दोन्ही येणारा माणूस त्यांना हवा आहे. पहिली फेरी व्हिडिओवर झाली. दुसरी ५ ऑगस्टला, मुंबईत, दोन पार्टनरांसमोर. सगळी मूळ कागदपत्रं घेऊन यायला सांगितलंय. जिल्ह्याच्या कॉलेजातून शिकलेली त्या यादीत मी एकटीच आहे, असं तिथली बाई फोनवर म्हणाली. कौतुकानं म्हणाली की सावध करायला, ते कळलं नाही.

पहिल्या फेरीत काय विचारलं ते लिहिण्यासारखं नाही. नेहमीचंच.

अप्पांचा गुडघा सोडला तर ते बरे आहेत. जुळे सोलापूरच्या घरात आता आम्ही दोघंच. तुझी खोली तशीच आहे. म्हणजे अगदी तशीच नाही, मी तिथं अभ्यासाला बसते.

त्या कागदाबद्दल मी काही लिहिणार नाही. गुणपत्रिका तेवढी पाठव.

तुझी,
सिद्धी


१७ जुलै

अक्का,

गुणपत्रिका मिळाली. आत एक ओळही नव्हती. मी पाकीट उलटं करून झटकलं.

अप्पांनी माझी तयारी मनावर घेतली आहे. रिटायर झाल्यापासून त्यांना शिकवायला कुणी मिळालं नव्हतं. रोज दुपारी जेवण झालं की ते शर्ट खोचून जेवणाच्या टेबलाच्या पलीकडे बसतात. मी बाहेर जाऊन बेल वाजवायची, आत यायचं आणि त्यांनी सांगितल्याशिवाय खुर्चीवर बसायचं नाही. हसू येतं, पण त्यांच्यापुढे हसता येत नाही. 'स्वतःबद्दल सांगा' याचं माझं उत्तर त्यांनी अकरा वेळा बदललं. परवा त्यांनी विचारलं, "कामात केलेली एखादी चूक सांगा."

मी म्हटलं, "एकदा अर्जावर तारीख चुकीची पडली होती."

"हौदा? खरंच? एवढीच?"

"एवढीच."

"मग चार वर्षं तू काय काम केलंस?" म्हणाले आणि स्वतःच हसले. मी पाणी प्यायला म्हणून उठले आणि बाथरूममध्ये नळ सोडून उभी राहिले.

मागच्या पत्रात खोटं लिहिलं. पहिल्या फेरीत नेहमीचं नव्हतं विचारलं. त्यांनी विचारलं, तुम्ही स्वतः हाताळलेली, तुमच्यामुळे निकाल बदलला अशी एक केस सांगा. त्याच्या आदल्या दिवशी उदयसिंह साहेबांनी मला ऑफिसात बसवून घेतलं होतं. म्हणाले, "मुंबईवाल्यांना तुझं पुस्तकातलं ऐकायचं नसतंय. बॉयलरची केस सांग. सरकारी पक्षाचा मुख्य साक्षीदार आपल्या बाजूला आला, तो कागद कुणी लिहिला? तूच लिहिलास की."

मी सांगितली. नाव घेतलं नाही. 'मयताची पत्नी' म्हटलं. पडद्यावरच्या तिघांपैकी दोघं एकदम सावरून बसले. दुसऱ्या फेरीला त्याच केसवर दोन पानांचं टिपण आणा म्हणाले. ते लिहून झालंय. साहेबांनी तपासून दिलंय आणि एक उत्तर पाठ करून घेतलंय. मयताच्या पत्नीला कागद कुणी समजावला, असं विचारलं तर म्हणायचं, 'साक्षीदार सुशिक्षित होती, तिनं स्वतः वाचून सही केली.'

अक्का, तू तो वाचला नव्हतास. मीच वाचू दिला नव्हता.

सिद्धी


२६ जुलै

अक्का,

काल मंडईत बजाबाई भेटल्या. येडूमामांच्या बजाबाई. मी बघून न बघितल्यासारखं करणार होते, पण त्यांनीच दंड धरला.

"वकीलबाई, तुजी भन कुटं हाय? जित्ती हाय का?"

"अकलूजला असते. मुलींच्या वसतिगृहात."

"बरं हाय तिचं. नवऱ्यानं माज्या मानसाला उकडून मारलं आन् ही लिवून देऊन मोकळी झाली." मग एकदम हळू आवाजात, "मी तिला तोंडावर लई बोलले त्या वक्ताला. तवा ती कायच बोलली न्हाय बग. एक शबुद न्हाय."

मी म्हटलं, मला उशीर होतोय. मला कसलाच उशीर होत नव्हता.

त्या तुझ्या दारात आल्या होत्या तेव्हा मी आत होते. निकालाच्या आधीचा आठवडा. "तुज्या नवऱ्यानं मारलं व्हय गं त्यांना? तूच लिवून दिलंस की!" असं त्या सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडत होत्या, आणि तू चौकटीला धरून उभी होतीस. तुझ्या मागे, चार हातांवर, तो कागद लिहिणारी मी उभी होते. मी पुढे झाले नाही.

आता सगळं सरळ लिहिते. तुला यातलं बरंच माहीत आहे, पण माझ्या तोंडून कधी ऐकलेलं नाहीस.

फेब्रुवारी २०२२ मध्ये गुरुशांत भावजींच्या कारखान्यातला बॉयलर फुटला. भावजी बॉयलर चालवायचे, येडूमामा त्यांच्या हाताखाली कोळसा घालायचे. दोघंही गेले. वाफेचा दाब वाढला की आपोआप उघडणारा जो व्हॉल्व्ह असतो तो सारखा वाफ सोडायचा, काम थांबायचं, म्हणून मॅनेजरनं तो तारेनं आवळून टाकायला लावला होता. भावजींनी तोंडी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा अर्ज दिला. अर्जाची कार्बन प्रत घरी आणून तुझ्याकडे दिली. तू पोलिसांना हे सगळं सांगितलंस. त्या जबाबावर मालक आणि मॅनेजर आत जाणार होते. आणि मालकाचे वकील होते उदयसिंह साहेब. मला त्यांच्याकडे लागून सहा महिने झाले होते.

भावजींना जाऊन महिनाही झाला नव्हता तेव्हा मी तुझ्याकडे प्रतिज्ञापत्र घेऊन आले. म्हटलं, हे नुसतं प्रकरण लवकर मिटावं म्हणून आहे, वाचू नकोस, तुला त्रास होईल. पहिल्या पानावर तुझं नाव, वय, पत्ता. दुसऱ्या पानावर लिहिलं होतं की पतीनं व्हॉल्व्हबद्दल कधीच तक्रार केली नव्हती, आणि तार त्यांनी स्वतःच बांधली होती, सारखं उठावं लागू नये म्हणून. ते वाक्य साहेबांनी सांगितलेलं नाही. 'सारखं उठावं लागू नये म्हणून' हे माझं. साहेब म्हणाले होते, कारण पटेल असं घाल.

आणि ती कार्बन प्रत. जपून ठेव म्हणून तू माझ्याकडे दिली होतीस. नंतर मी तुला सांगितलं की ऑफिसच्या रंगकामात ती हरवली. हरवली नव्हती. मी माझ्या हातानं साहेबांना दिली. त्यांनी ती वाचली, घडी केली आणि टेबलाच्या खणात टाकली. मला चहा मागवला.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की मी नाही म्हटलं असतं तरी त्यांनी दुसऱ्या कुणाकडून कागद लिहून घेतलाच असता. पण दुसऱ्या कुणाच्या कागदावर तू सही केली नसतीस.

दहा दिवसांवर मुलाखत आहे. काय करू असं तुला विचारणार होते. तुला विचारायचा मला हक्क नाही.

सिद्धी


अकलूज
३१ जुलै

सिद्धी,

तुझी तिन्ही पत्रं मिळाली. एकदाच लिहिते.

मी कागद वाचला होता. तू पाणी आणायला आत गेलीस तेव्हा. दुसरं पान दोनदा वाचलं. तू बाहेर आलीस तर तुझ्या हातातला पेला हलत होता, पाणी साडीवर सांडत होतं. मला वाटलं, हिला कुणीतरी धरलंय. मी नाही म्हटलं तर हिचं काय होईल. माझा माणूस तर गेलाच होता, तो सहीनं परत येणार नव्हता. तू आईविना माझ्या हातावर वाढलीस. अव्वा गेली तेव्हा तू सात वर्षांची होतीस. म्हणून केली सही.

मला वाटलं दोन दिवसांत येऊन सांगशील. आठवडा गेला, महिना गेला. खटला उभा राहायच्या आधीच मालक सुटले, त्या दिवशी तू आलीस. पर्समधून पेढ्यांचा पुडा काढून टेबलावर ठेवलास. ऑफिसात वाटले, अप्पांना दे म्हणालीस. त्या दिवशी नंबर बंद केला.

बजाबाई दारात आल्या तेव्हा मी गप्प राहिले, कारण बोलले असते तर तुझं नाव घ्यावं लागलं असतं.

प्रत हरवली हे मात्र मला खरं वाटलं होतं. त्यांच्या हातचं शेवटचं लिहिलेलं तेवढंच होतं माझ्याकडे.

मुलाखतीला जा. नीट बोल, तुला बोलता येतं. परत लिहू नकोस.

चंद्रिका


सोलापूर,
१२ ऑगस्ट

अक्का,

लिहू नकोस म्हणालीस तरी लिहिते आहे. काय झालं ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये.

मुलाखत झाली. सव्विसाव्या मजल्यावर काचेची खोली होती. समोर दोघं. एक वैजयंती मॅडम, त्या टीमच्या मुख्य, पन्नाशीच्या. दुसरे गृहस्थ माझं टिपण वाचत होते आणि बराच वेळ वर बघितलंच नाही. आधी कायद्याचे प्रश्न झाले. ते चांगले गेले. अप्पांची सगळी उत्तरं आठवली. मग मॅडम एकदम मराठीत म्हणाल्या, "या मयताच्या पत्नीचा स्वतःचा वकील होता का?"

"नव्हता."

"मग तिला कागद कुणी समजावून सांगितला?"

साहेबांनी पाठ करून घेतलेलं वाक्य माझ्या ओठांवर आलं. साक्षीदार सुशिक्षित होती, तिनं स्वतः वाचून सही केली. आणि अक्का, तुझ्या पत्रामुळे ते आता खरं होतं. मी ते म्हटलं असतं तर त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. मॅडमनी मान हलवली असती आणि पुढचा प्रश्न विचारला असता. ती नोकरी माझी झाली असती, मला अजूनही तसंच वाटतं. त्या गृहस्थांनी पहिल्यांदा वर बघितलं.

मी म्हटलं, "ती माझी सख्खी बहीण आहे."

मग थांबता आलं नाही. तारेचं, अर्जाचं सांगितलं, कार्बन प्रतीवर आले तेव्हा मॅडमनी हात वर केला. "थांबा. हे तुम्ही इथं सांगायला नको होतं."

"मग कुठं सांगायला हवं होतं?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. रागानं नाही. एखाद्या चांगल्या कापडावर डाग दिसावा तसं. "तुम्ही वकील आहात," म्हणाल्या. "कुठं ते तुम्हाला माहीत आहे." टिपणाची दोन्ही पानं त्यांनी माझ्याकडे सरकवली. त्यांच्या फाईलमध्ये त्यांना ती नको होती. पाऊण तासाची वेळ दिली होती. मी वीस मिनिटांत लिफ्टमध्ये होते. नकाराचा मेल मी कुर्डुवाडीला पोचायच्या आत आला.

घरी अप्पा शर्ट खोचून बसले होते. त्यांनाही सगळं सांगितलं. शेवटी त्यांनी विचारलं, "चंद्रिकाला माहीत होतं, काय लिहिलंय ते?"

"हो. तिनं वाचलं होतं."

ते उठले, टेबलाला धरून उभे राहिले. म्हणाले, "तिच्या खोलीत बसत जाऊ नकोस." त्यानंतर आठवडा झाला, माझ्याशी बोललेले नाहीत. ताट वाढून ठेवते, मी आत गेल्यावर जेवतात.

साहेबांना भेटून सांगितलं की मी लेखी देणार आहे. त्यांचा आवाजसुद्धा चढला नाही. "कसली प्रत? मी कुठलीही प्रत बघितलेली नाही," म्हणाले. "तुझी सनद जाईल आणि वर गुन्हा दाखल होईल. बहिणीवर पण होईल, खोटं प्रतिज्ञापत्र तिच्या नावचं आहे. याचा विचार केलास का?"

केला होता. म्हणूनच काल कोर्टात आणि पोलिसांत जे दिलं त्यात लिहिलंय की मजकूर माझा, तुला फसवून सही घेतली, तुला वाचू दिलं नाही. तू वाचला होतास हे मी लिहिलेलं नाही. तुझं पत्र मी जाळून टाकलं. पुन्हा एकदा खोटं लिहिलं आहे, अक्का. यावेळी कुणी सांगितलं नव्हतं.

सिद्धी


१८ ऑगस्ट

अक्का,

काल वसतिगृहाच्या फाटकाबाहेर मी होते. तुला माहीत आहे, तू वरच्या खिडकीतून एकदा बघितलंस.

बजाबाईंना मी तुझ्याकडे आणायचं ठरवलं नव्हतं. गुरुवारी त्यांच्या घरी गेले होते, जे कोर्टात लिहून दिलं ते सांगायला. त्या तांदूळ निवडत होत्या. मी बोलत असताना त्यांचा हात थांबला नाही, माझं बोलणं संपलं तरी निवडतच राहिल्या. मग म्हणाल्या, "परत सांग. तार कुनी बांदली?"

"मॅनेजरनं बांधायला लावली."

"आन् गुरुशांतनं?"

"त्यांनी बांधू नका म्हणून अर्ज दिला होता."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. मला वाटलं मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. "तीन वर्सं," म्हणाल्या, "तीन वर्सं मी त्या मानसाला सकाळ-संध्याकाळ तळतळाट दिला. मेलेल्या मानसाला. त्येची बायकू समोर आली तर थुकले. तुला म्हाईत हुतं आन् तू हितंच, ह्याच गावात फिरत हुतीस?" मी हो म्हटलं. मग तोंडाला पदर लावून, "तिच्याकडं घिऊन चल मला," म्हणाल्या.

म्हणून रविवारी आलो. फाटकावर त्यांनी मला सांगितलं, "तू हितंच थांब." मला आत यायचंही नव्हतं. दोन तास मी समोरच्या झेरॉक्सच्या दुकानाच्या पायरीवर बसले होते. तुमच्या मुली फाटकातून ये-जा करत होत्या. त्यातल्या एकीनं मला विचारलं, कुणाच्या पालक आहात? मी म्हटलं, कुणाच्याच नाही.

परतीच्या गाडीत बजाबाई खिडकीशी बसल्या. पंढरपूरच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा मीच विचारलं, अक्का काय म्हणाली.

"तुजं नाव काढलं न्हाय तिनं." थोड्या वेळानं, स्वतःशीच बोलल्यासारखं, "मला जेवू घातलं. आमचं मानूस त्या दिवशी डबा न घेताच गेलं हुतं, भांडन झालं हुतं आमचं. इतकी वर्सं मला वाटायचं, उपाशी मेलं. तुज्या भावजीनं पाळीवर निघताना चार भाकरी जास्तीच्या बांदून घेतल्या हुत्या, येडूला लागतील म्हनून. तिनं सांगितलं." मग त्यांनी डोकं खिडकीच्या गजाला टेकलं आणि मोठ्यानं रडायला लागल्या. गाडीतली माणसं वळून माझ्याकडे बघायला लागली, जणू मीच काहीतरी बोलले असेन. मी उठून मागच्या रिकाम्या सीटवर जाऊन बसले.

हे शेवटचं पत्र. तुला कळायला हवं तेवढंच लिहिते. सनदेबद्दलची नोटीस आली आहे. साहेबांनी पोलिसांना सांगितलंय की मुंबईची नोकरी हुकली म्हणून मी डोक्यावर परिणाम झाल्यासारखी वागते आहे. केस परत उघडेल की नाही, कुणीच सांगू शकत नाही. तुला बोलावणं येईल. काय सांगायचं ते तू ठरव. कागद वाचला होता म्हणून सांगितलंस तरी मी काही म्हणणार नाही. नाही सांगितलंस तरीही नाही.

मला गुरुवारी जबाबाला बोलावलं आहे. सोबत वकील आणा म्हणाले. मी एकटीच जाणार आहे. जे झालं ते सांगायचं आहे, त्याला तयारी लागत नाही.

सिद्धेश्वरी